नाताळाला गावी

गौरी-गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याची तिकिटासाठीची मारामारी, एसटीच्या जादा गाड्या, पनवेलच्या पुढे महामार्गावर लागलेल्या रांगा, हे सगळं दर भाद्रपदात वर्तमानपत्रांत छापून येतं. त्याच रुळांवरून आणि त्याच महामार्गावरून तीन-चार महिन्यांनी आणखी एक लोंढा दक्षिणेकडे जातो. मुंबईतला गोव्याचा ख्रिस्ती माणूस नाताळाला गावी निघतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दादर, ठाणे, पनवेलच्या फलाटांवर तो दिसतो. पण त्याची ही वाट किती जुनी आहे आणि तिच्यामागे किती मोठी व्यवस्था उभी आहे, याची कल्पना डब्यात शेजारी बसलेल्यालाही बहुधा नसते.

या वाटेला दीडशे वर्षं तरी झाली. गलबत, आगबोट, मीटरगेज, बंद सीमा, कोकण रेल्वे आणि विमान एवढी स्थित्यंतरं तिने पाहिली. त्यांचा माग काढत गेलं की एक गोष्ट स्पष्ट होते. गोव्याच्या माणसाने गाव सोडलं तेव्हाच परत येण्याची तजवीजही करून ठेवली. शहरातली राहायची जागा, नोकरीतली रजा, लग्नाची तारीख, सणाचे जिन्नस, सगळं परतण्याच्या हिशेबाने बेतलेलं असे. त्या हिशेबातला वर्षाचा मोठा दिवस म्हणजे नाताळ.

गाव सोडताना

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात शेतीपलीकडे फारसा रोजगार नव्हता आणि शेतीही सगळ्यांना पुरत नव्हती. तिकडे मुंबई झपाट्याने वाढत होती. इंग्रजांच्या बंगल्यांना खानसामे हवे होते, हॉटेलांना वाढपी हवे होते, बोटींना आचारी, बटलर आणि खलाशी हवे होते. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला गोमांस किंवा डुकराचं मांस शिजवायला धर्माची आडकाठी नव्हती. शिवाय चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. त्यामुळे बँड, नाचघरं, मूकपटांची थिएटरं आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव.

१८७८ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्याने गोव्यातल्या मिठाच्या धंद्यावर इंग्रजांचं नियंत्रण आलं आणि मिठागरांवर जगणाऱ्या कुटुंबांची उपजीविका आटली. याच कराराने गोव्याला रेल्वेही मिळाली. एका हाताने पोट हिरावलं गेलं आणि दुसऱ्या हाताने बाहेर पडायची वाट मिळाली. बारदेश, तिसवाडी आणि साष्टी या तीन तालुक्यांतून माणसं बाहेर पडू लागली. मुंबई, कराची, रंगून, पूर्व आफ्रिका आणि समुद्रावरची जहाजं हे त्यांचे मुक्काम.

बहुतेक घरांतून पुरुष एकटा जाई. बायको, मुलं, म्हातारे आईबाप गावात राहत. याला साधं कारण होतं. मुंबईत कुटुंबासाठी खोली परवडत नसे, आणि बोटीवर नोकरी करणाऱ्याला शहरात घर थाटून उपयोगही नसे. म्हणजे कमाई एकीकडे आणि घर दुसरीकडे. या दोन टोकांना जोडून ठेवण्याचं काम कुडीने केलं.

कूड

गोव्याबाहेरच्या वाचकाला कूड ठाऊक असण्याचा संभव कमी. एखाद्या गावच्या लोकांनी मिळून मुंबईत घेतलेली सामायिक जागा म्हणजे कूड. इंग्रजीच्या वळणाने तिला क्लबही म्हणतात. अशा शेकडो कुडी धोबीतलाव, कावेल, डाबूळ, माझगाव या भागांत होत्या. धोबीतलावच्या कोपऱ्यावरच्या जेर महाल या जुन्या इमारतीत आजही काही आहेत. दारावर गावाचं किंवा गावच्या संताचं नाव असतं. आत एक लांबट खोली, एका टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या चर्चच्या संताची मूर्ती आणि दिवा. भिंतींच्या कडेने ट्रंका लावलेल्या. प्रत्येक सभासदाची एक ट्रंक आणि त्या ट्रंकेपुढची एक माणूस झोपेल एवढी जमीन, एवढाच त्याचा शहरावरचा हक्क. रात्री अंथरूण पसरायचं, सकाळी गुंडाळून ट्रंकेवर ठेवायचं. महिन्याचं भाडं अगदी नाममात्र.

कुडीचे नियम कडक असत. ठरलेल्या वेळी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. बायकांना राहायला मज्जाव. दंगामस्ती करायची नाही. बोट लागेपर्यंत खलाशाचा मुक्काम इथेच असे. कधी आठवडाभर, कधी महिनोन्‌महिने. काम मिळालं की ट्रंक कुडीत ठेवून तो समुद्रावर जाई आणि वर्षाने परत आला की ट्रंक जिथल्या तिथे सापडे. गावाकडून आलेलं पत्र कुडीत पोचे. नोकरी गेलेल्याला, आजाऱ्याला, नवख्या पोराला इथेच आसरा मिळे. आलेल्या मुलाला कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहायचं हे गावचाच एखादा काका सांगे.

माझ्या मते कुडीचं खरं मोठेपण तिच्या अपुरेपणात आहे. तिने माणसाला शहरात टिकायला मदत केली, पण तिथे मूळ धरायला जागा ठेवली नाही. तिथे संसार मांडता येत नसे, म्हणून संसार गावातच राहिला. मुंबईत वीस-तीस वर्षं काढलेला माणूसही आपलं घर विचारलं की गावाचं नाव सांगे. ट्रंकेत जमत जाणाऱ्या वस्तू गावासाठी असत. कापड, साबण, विलायती बिस्किटांचे डबे, मुलांसाठी बूट, आणि बोटीवर काम करणाऱ्याकडे दूरच्या बंदरांतली काचेची आणि चिनीमातीची भांडी. डिसेंबर आला की ती ट्रंक खालून वर उपसून पुन्हा भरली जाई आणि एका गावची माणसं शक्यतो एकत्रच निघत.

आगबोट

कोकणच्या मराठी माणसाची आणि गोव्याच्या माणसाची वाट कैक वर्षं एकच होती. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला पोचे. भाऊच्या धक्क्यावर सकाळपासून गर्दी असे. तळडेकवर जागा धरायची तर लवकर पोचून चटई टाकायची, सामानाची भिंत करायची आणि एकाने तिथेच बसून राहायचं. बोट निघाली की डबे उघडत, पत्ते निघत, गिटार किंवा व्हायोलिन असलेला कुणीतरी सूर लावी. रात्री डेकवर कोकणी गाणी आणि मालवणी गप्पा शेजारी शेजारी चालत.

धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या अंगाला येऊन लागत. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावात म्हाताऱ्यांना आणि मुलांना उतरवणं हे कसबाचं काम होतं. उतारूंची वाट तिथे संपे आणि बोट पुढे जाई. दुसऱ्या दिवशी आग्वादचा किल्ला दिसला की गोव्याची माणसं कठड्याशी जमत. मांडवीच्या मुखातून आत शिरून बोट पणजीच्या धक्क्याला लागे, तिथे जकातीच्या अधिकाऱ्यांपुढे ट्रंका उघडाव्या लागत आणि मग पुढचा प्रवास होडीने, बैलगाडीने, पुढच्या काळात ‘कारेरा’ने, म्हणजे गोव्यातल्या खासगी बसने.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला म्हणून बोटी बंद असत. गणपतीच्या सुमाराला त्या सुरू झाल्या तर झाल्या, नाहीतर चाकरमान्याला घाट उतरून जावं लागे. डिसेंबर मात्र बोटीचा उत्तम महिना. समुद्र शांत, हवा कोरडी, रात्री गार. नाताळ हा वर्षातल्या सर्वांत सुखाच्या जलप्रवासाच्या दिवसांत येतो, आणि गणपतीपेक्षा नाताळाला घरी जाणं गोवेकराला सोपं होण्याचं हे एक साधं, नैसर्गिक कारण आहे. गोवा मुक्त झाल्यावर चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी या मार्गावर धावल्या. त्यांच्यावरून गावी गेलेली पिढी अजून हयात आहे आणि बोटीचा विषय निघाला की मालवणचा म्हातारा आणि म्हापशाचा म्हातारा सारख्याच ओढीने बोलू लागतात.

मिरजेचा फलाट

दुसरी वाट रेल्वेची. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८८०च्या दशकाअखेर पुरा झाला. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट. इथे दर ३७ मीटरला १ मीटर एवढा चढ आहे, म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. याच टप्प्यात गाडी दूधसागर धबधब्याच्या अंगावरून जाते. कॅसलरॉक ही इंग्रजांची हद्द आणि कुळे ही पोर्तुगीजांची. दोन्हीकडे सामान तपासलं जाई, त्यामुळे घरी पोचायच्या उंबरठ्यावर माणसाला दोनदा ट्रंक उघडावी लागे.

मुंबईहून या वाटेने जायचं तर ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर गाडी बदलावीच लागे. आधी ही बदली पुण्याला होई. १९७०च्या सुमाराला पुणे-मिरज मार्ग रुंद झाल्यावर ती मिरजेला सरकली. मिरजेचा तो फलाट गोव्याच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत पक्का बसला आहे. पहाटेची थंडी, झोपेतून उठवलेली मुलं, एका फलाटावरून दुसऱ्यावर हमालांच्या डोक्यावरून जाणाऱ्या ट्रंका, आणि मीटरगेजच्या अरुंद डब्यात जागा मिळेपर्यंतची धाकधूक. मग बेळगाव, लोंढा, घाट आणि दुपार कलता कलता मडगाव. नकाशावर मुंबई-गोवा सरळ किनाऱ्याने साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचं अंतर आहे. पण सह्याद्री एकदा चढून पुन्हा उतरायचा म्हणून एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग प्रवासात जाई.

वाट बंद झाली तेव्हा

या दीडशे वर्षांत वाट एकदा खरोखर तुटली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडून गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकची गाडी थांबली, बोटींचं येणं-जाणं बंद झालं, मुंबईहून घरी पैसे पाठवणं अवघड झालं. गावी जायला परवाना लागू लागला आणि तो मिळाला तरी सामान उचलून सीमा पायी ओलांडावी लागे.

या काळातली एक गोष्ट विलक्षण आहे. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये गोव्यासाठी स्वतःची विमानकंपनी काढली आणि दाबोळीहून कराचीला विमानं सुरू केली. त्यामुळे कराचीत नोकरी करणारा गोवेकर विमानाने घरी येऊ शके, पण पाचसहाशे किलोमीटरवरच्या मुंबईतल्या त्याच्या भावाला मात्र सणाला घर गाठता येईल की नाही याची खात्री नसे. कुडींतल्या वेद्यांपुढे त्या वर्षांत नाताळ साजरे झाले. ज्या जागेची रचनाच माणसाने सणाला घरी जावं अशी होती, तिथे त्याला सण काढावा लागला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नाताळाला सहा दिवस उरले होते. माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने जागोजागी पूल उडवले होते, त्यामुळे लगेच सगळं सुरळीत झालं नाही. तरी सीमेवरची ती रेषा गेली, आणि पुढच्या नाताळांना मुंबईहून गावी जायला कुणाचा परवाना मागावा लागला नाही.

किनाऱ्याची रेल्वे

किनाऱ्याने सरळ रेल्वे व्हावी ही कोकणची जुनी मागणी. १९८९-९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री झाले, तेव्हा तिला पाय फुटले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांनी ते काम उभं केलं. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. त्यात ९०च्या आसपास बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या घरात पूल. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावर मोठा वाद झाला आणि पेडण्याच्या बोगद्यात सतत ढासळणाऱ्या मऊ मातीने इंजिनियरांची वर्षानुवर्षं परीक्षा पाहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला.

प्रवासाचा सगळा हिशेब बदलला. रात्री मुंबईहून कोकणकन्या पकडली की सकाळी थिवी, करमळी किंवा मडगाव. दिवसा जायचं तर मांडवी किंवा जनशताब्दी. जून २०२३ पासून वंदे भारतने आठ तासांच्या आत मडगाव गाठता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली. ती वसईमार्गे जाते, म्हणून वांद्रे, बोरिवली, वसई भागातल्या गोवेकरांना आणि कोकणवासीयांना सामान घेऊन दादर किंवा कुर्ला गाठण्याचा त्रास वाचला.

इतक्या गाड्या असूनही नाताळाला तिकीट का मिळत नाही? याची कारणं दोन. पहिलं रुळांचं. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच टप्पा दुहेरी झाला आहे. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत दुसरीला स्थानकात थांबावं लागतं, त्यामुळे दिवसाला धावू शकणाऱ्या गाड्यांची संख्या एका मर्यादेपुढे जात नाही. हंगामी विशेष गाड्या सोडतात त्याही याच मर्यादेत बसवाव्या लागतात आणि म्हणून त्या पुष्कळदा रखडतात.

दुसरं कारण पर्यटनाचं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत बहुसंख्य माणसं गावी जाणारीच असतात. नाताळाला मात्र गावी जाणाऱ्या कुटुंबाला आणि नववर्षाला समुद्रकिनारी जाणाऱ्या पर्यटकाला एकाच आठवड्यात, एकाच दिशेची, तीच आसनं हवी असतात. विमानाचं भाडं मागणीप्रमाणे चढतं. दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, तरी डिसेंबरअखेरीची भाडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येत नाहीत. रेल्वेचं भाडं तेवढं चढत नाही, पण तिथे जागा लवकर भरतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत आरक्षण १२० दिवस आधी उघडे, म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट ऑगस्टच्या अखेरीस काढावं लागे, अनेकदा गणपतीच्या सुमाराला. आता ती मुदत ६० दिवसांची झाली आहे, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस सकाळी आठच्या ठोक्याला घरातली दोन-तीन माणसं फोन हातात घेऊन बसतात. ज्याला कारखान्याची किंवा रुग्णालयाची पाळी असते त्याला रजेची खात्री इतक्या आधी नसते. तो तत्काळच्या भरवशावर राहतो किंवा बसने जातो.

तिकडे घरी

वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरात तेव्हा काय चाललेलं असतं? डिसेंबर गोव्यात ३ तारखेपासूनच जागा होतो. त्या दिवशी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असतं. ८ तारखेला पणजीच्या चर्चचं. १६ तारखेपासून नाताळाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. मधल्या दिवसांत घराची रंगरंगोटी, अंगणात बांबूच्या कामट्या आणि कागद घेऊन मोठा तारा करणं, पेंढा आणि माती आणून गोठा मांडणं. दिवाळीला आकाशकंदील करणाऱ्या शेजारच्या हिंदू मुलांचे हात या ताऱ्यालाही लागतात.

स्वयंपाकघरातलं काम सर्वांत मोठं. दोदोलचंच घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून मोठ्या भांड्यात चुलीवर चढवतात. सुरुवातीला ते पातळ असतं आणि डाव सहज फिरतो. मग हळूहळू घट्ट होऊ लागतं आणि हात थांबला की तळाला लागतं. तासन्‌तास ढवळावं लागतं, म्हणून दोघी-तिघी आळीपाळीने बसतात. शेवटी नारळाचं तेल सुटून मिश्रण भांड्याची कड सोडतं, त्यावर चकाकी येते, तेव्हा ते ताटात ओतून थापतात आणि गार झाल्यावर वड्या पाडतात. बेबिंकाची तऱ्हा याहून वेगळी. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर आणि मैदा यांचं मिश्रण एकेक पळी ओतून, वरच्या झाकणावर निखारे ठेवून, थर तांबूस झाल्यावर तूप लावून पुढचा थर. किमान सात थर. २०२३ मध्ये या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. याशिवाय नेवऱ्या, कुलकुल, चण्याच्या डाळीचं दोस, पेरूचं पेराद.

या जिन्नसांत एक समान गुण आहे. गूळ-साखर भरपूर आणि पाणी आटवलेलं, त्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकतात. सोरपोतेल या सणाच्या पदार्थातलं मांसही व्हिनेगरमध्ये मुरतं आणि तीन-चार दिवसांनी अधिक चवदार लागतं. म्हणजे आलेला माणूस दोन दिवस उशिरा पोचला तरी त्याच्या वाट्याचं राहतं, आणि परत जाताना त्याच्या सामानात बांधूनही देता येतं. जानेवारीत मुंबईच्या कचेरीत उघडणाऱ्या डब्यांत म्हणूनच दोदोल असतो.

या सगळ्याचं ताट भरून, वर विणलेला रुमाल झाकून शेजाऱ्यांकडे पाठवतात. या भेटीला कोंसुआद म्हणतात. चवथीला आणि दिवाळीला हिंदू शेजाऱ्याकडून आलेल्या ताटाची ती परतफेड असते, आणि नेवरी तर दोन्ही ताटांत असते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे गोड करत नाहीत. त्या घरी शेजारी आवर्जून ताट पाठवतात. मुंबईहून आलेल्या मुलांच्या हाती ही ताटं देऊन त्यांना घरोघर पाठवण्यात मोठं शहाणपण आहे. कुणाचं घर कुठलं, कोण आपलं कोण लागतं, कुणाकडे यंदा दुःख आहे, हे सगळं त्या एका फेरीत मुलांना कळतं.

२४च्या रात्री मध्यरात्रीची मिसा. बहुतेक गावांत चर्चच्या पटांगणात, उघड्यावर. व्हॅटिकनच्या १९६०च्या दशकातल्या सुधारणांपर्यंत ती लॅटिनमध्ये होत असे, आता कोकणीत होते. मिसा संपली की पटांगणात गर्दी पांगत नाही. वर्षभराने भेटणारी माणसं तिथेच हात हातात घेऊन बोलत राहतात. गावात कोण आलं आणि कोण आलं नाही याचा हिशेब त्या अर्ध्या तासात होतो.

आणि मग लग्नं. नाताळाच्या आधीचे चार रविवार हा ख्रिस्ती पंचांगात संयमाचा काळ, त्या दिवसांत लग्नं सहसा लावत नाहीत. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो. मधल्या आठवड्यांत लग्नांची झुंबड उडते. आलेला भाऊ, आलेली मावशी, आखातातून आलेला मामा, सगळे गावात असतानाच नारळाच्या रसाने नवऱ्या मुलीला न्हाऊ घालायचा रोसचा विधी उरकतो. नाताळाच्या रजेला जोडून चार दिवस जास्त मागणाऱ्याच्या मनात बहुधा एखादं लग्न असतं.

जे येऊ शकत नाहीत

या वाटेवर दरवर्षी काही माणसं नसतात, आणि त्यांचं नसणं त्यांच्या कामातूनच येतं. सागरी सहलीच्या मोठ्या जहाजांवर गोव्याची माणसं आचारी, वाढपी, बारमन म्हणून मोठ्या संख्येने आहेत. त्या धंद्याचा ऐन हंगाम नाताळ-नववर्षाचा. जगभरच्या प्रवाशांना नाताळाचं जेवण वाढणारा माणूस त्या रात्री स्वतःच्या घरापासून हजारो मैलांवर असतो. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या वादकांचीही गत पिढ्यान्‌पिढ्या हीच. आखातात नोकरी करणाऱ्याला रजा पाळीपाळीने मिळते. एक वर्ष याचा नाताळ, पुढचं वर्ष त्याचा.

गावाने याचाही मार्ग काढला. बोटीवरचा माणूस करार संपवून ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात बाळाचा बाप्तिस्मा, नव्या घराचा आशीर्वाद, लदाईन म्हणजे सामूहिक प्रार्थना, बहिणीचं लग्न. सणाची तारीख बदलता येत नाही, पण घरातली कार्यं त्याच्या येण्याला जोडता येतात. ज्या घरातला कर्ता पुरुष वर्षातून एकदाच दिसतो, तिथे हा समजूतदारपणा गेली शंभर वर्षं बायकांनी सांभाळला. शेताची कामं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांच्या शाळा, पाठवलेल्या पैशांचा विनियोग, सगळं त्यांनी केलं. मुंबईहून आलेल्याला जे ‘घर’ सापडतं ते त्यांनी उभं ठेवलेलं असतं. या वाटेचा इतिहास सांगताना बोटींची आणि गाड्यांची नावं येतात. वाटेच्या त्या टोकाला दार उघडणाऱ्या बाईचं नावही तितक्याच मानाने यायला हवं.

कुलूपबंद घरं

आज वाट कधी नव्हती इतकी सोपी आहे, आणि नेमक्या याच काळात गोव्याच्या गावांत कुलूपबंद घरं वाढत आहेत. याला स्थलांतराइतकाच वारशाचा कायदाही कारण आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिली आणि आता वारशाची बाब तिच्याच धर्तीवरच्या गोव्याच्या २०१२च्या कायद्याने चालते. मुलगा-मुलगी दोघांना समान वाटा हे तिचं मोठं आणि अभिमानास्पद तत्त्व. पण आजोबांच्या घराची वाटणी वेळेवर झाली नाही तर तीन पिढ्यांत त्या एका घराचे पंधरा-वीस मालक होतात. एक मुंबईत, एक कुवेतमध्ये, एक इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये. छप्पर गळलं तर कौलं कुणी बदलायची? सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत दोन पावसाळे निघून जातात.

त्यातच नागरिकत्वाचा प्रश्न आला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्या पारपत्रावर हजारो गोवेकर तिकडे गेले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून ते आपल्याच गावी आता परदेशी नागरिक म्हणून येतात. आधीची पिढी पुरुषाला पाठवी आणि घर मागे ठेवी. ही पिढी अख्खं कुटुंब घेऊन जाते, आणि मग घराकडे परतायला घरात कुणी उरत नाही.

यावर काही कुटुंबांनी काढलेले उपाय साधे आहेत आणि ते कुणालाही जमण्यासारखे आहेत. म्हातारे हयात असतानाच वाटणीची कागदपत्रं पुरी करायची. ते शक्य नसेल तर भावंडांनी दरमहा ठरावीक रक्कम घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची. किल्ली गावातल्या एका माणसाकडे ठेवून महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगायचं आणि त्याचा मोबदला चोख द्यायचा. आळीपाळीने एका कुटुंबाने ऑक्टोबरमध्ये जाऊन साफसफाई करून यायचं. डिसेंबरमध्ये सगळ्यांनी एकाच घरात उतरायचं, मग जागा कमी पडली तरी चालेल.

हे उपाय गोव्याइतकेच सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या आपल्या घरांनाही लागू आहेत. तिथेही सातबाऱ्यावर नावांची रांग आहे आणि गणपतीचे दिवस सोडले तर माजघरात दिवा लागत नाही. बोटीच्या डेकवर शेजारी चटया टाकणाऱ्या दोन समाजांपुढे आज एकच प्रश्न आहे. रूळ दुहेरी करून घेण्यासाठी, सणाच्या गाड्या वेळेवर जाहीर होण्यासाठी सरकारकडे मागणी लावून धरली पाहिजे, आणि दोघांनी मिळून धरली तर तिला जोर येईल. पण गाडीने स्थानकापर्यंत पोचवल्यावरचं काम कुटुंबाचं आहे. कूड चालवणाऱ्या गरीब खलाशांनी तुटपुंज्या पगारात, महिन्याला चार आणे गोळा करून, गावाशी बांधून ठेवणारी व्यवस्था शतकभर चालवली. त्यांच्या नातवंडांकडे पैसा अधिक आहे, फोन आहे, आठ तासांची गाडी आहे. एका घराचं छप्पर शाबूत ठेवणं त्यांना नक्की जमेल. या नाताळाला गावी जमलेल्या भावंडांनी जेवणं झाल्यावर तासभर एकत्र बसून एवढा एक विषय मार्गी लावला, तरी पुढच्या पिढीला नाताळाला जायला गाव उरेल.